डाव्या गालावरची घडी

रंग लागेना. त्यानं रंगाची कांडी कपाळावर टेकवली, नेहमीसारखी भुवईपर्यंत ओढली आणि रंग जिथल्या तिथे गुठळी होऊन बसला. बोटानं पसरवायला गेला तर तो बोटाबरोबरच निघून आला. खाली कातडी तशीच कोरडी राहिली. त्यानं कांडी उजेडात धरून पाहिली. कांडी चांगली होती. मग उलट्या हातानं मालकांच्या कपाळाला स्पर्श केला आणि हात झटकन मागे घेतला. मालक गेले हे त्याला सकाळी फोनवर कळलं होतं, टॅक्सीत बसल्यावर पुन्हा एकदा कळलं होतं, दारात मालकांची मुलगी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली तेव्हाही कळलं होतं. पण खरं कळलं ते आत्ता. आयुष्यभर तो समजत आला होता की रंग आपण लावतो. अर्धं काम समोरच्या माणसाच्या अंगातली ऊब करत असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि जिवंत माणसांच्या धंद्यात ते कळायचं काही कारणही नव्हतं. त्यानं कांडी मुठीत धरली, मूठ काखेत दाबली आणि ती मऊ व्हायची वाट बघत उभा राहिला.

मालकांना त्यांच्याच थिएटरच्या रंगपटात आणून ठेवलं होतं. ज्या लांब टेबलावर प्रयोगाआधी टोप, दाढ्या आणि मालकांच्या रखवालदाराच्या भूमिकेतला कंदील मांडून ठेवत, त्याच टेबलावर ते आडवे होते. आरशाभोवतीचे दिवे कुणीतरी सवयीनं लावून गेलं होतं आणि आरशात मालकांची रिकामी खुर्ची दिसत होती. बाहेर फाटकापाशी लोक जमायला लागले होते. थोड्या वेळानं देह रंगमंचावर ठेवायचा, लोकांनी एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं जायचं, असा मॅनेजरनं बेत केला होता. नाटकातल्या माणसांना मरणाचाही बेत करावा लागतो. मालकांचा चेहरा आजारानं पार उतरला होता. गाल आत गेले होते, नाक उगाचच मोठं दिसत होतं. बेबी त्याला कोपऱ्यात घेऊन गेली. पन्नाशी गाठली तरी मालकांची ही एकुलती मुलगी कंपनीत सगळ्यांना बेबीच होती. ती म्हणाली की लोकांनी बाबांना असं बघायला नको. लोकांना ते रखवालदारच आठवतात काका, तसेच दिसू देत. त्यानं मान हलवली. मालकांच्या घरातलं कुणी काही बोललं की हात रंगाच्या पेटीकडे जायचा, ही जुनी खोड. आणि खोटं कशाला बोला, त्याला आतून तेच हवं होतं. मालकांनी रंगमंचावर काम करणं सोडलं तेव्हापासून त्या चेहऱ्याला त्याचा हात लागला नव्हता. तो चेहरा त्याला एकदा, फक्त एकदा, पुन्हा बघायचा होता. का, ते त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

रखवालदाराचं नाटक आलं तेव्हा मालक ऐन तारुण्यात होते. बंद पडलेल्या कारखान्याच्या दारात बसून राहणारा एक म्हातारा. कारखाना बंद झाला हे त्याला मान्यच नाही. रोज कंदील पुसतो, रोज कुलूप हलवून बघतो, येणाऱ्याजाणाऱ्याला पास विचारतो. मालक खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चढव म्हातारा." तो नवखा, हातात पेन्सिल, घामानं भिजलेला. शिकलेला म्हातारा त्याला येत होता: कपाळाला आडव्या रेघा, नाकापासून तोंडापर्यंत दोन उतरत्या, डोळ्यांखाली काळं. असा म्हातारा सगळ्या कंपन्यांत एकाच साच्यातून निघायचा. तो काढला, मालकांनी आरशात पाहून तोंड वाकडं केलं, पुसला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. मालकांचा पारा चढत चाललेला, दिग्दर्शक दारात उभा, आणि मग त्याच्या हातानं जो म्हातारा काढला ते अण्णा होते. अण्णा म्हणजे त्याचे वडील. ते पुस्तकं बांधायचे. जन्मभर खिडकीशी बसून त्यांनी सुईत दोरा ओवला होता, आणि ओवताना डावा डोळा मिटून घ्यायची त्यांना सवय होती, त्यामुळे चेहऱ्याची डावी बाजू उजवीच्या कितीतरी आधी म्हातारी झाली. डोळ्याच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत एक तिरकी घडी होती, कागद चुकून दुमडला गेल्यावर पडते तशी. लहानपणी तो अण्णांच्या मांडीवर बसून त्या घडीतून बोट फिरवायचा आणि बोटाला पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास यायचा. ती घडी त्यानं मालकांच्या गालावर आणली. त्यांचा थोडा खाली आलेला ओठ आणला, डाव्या डोळ्यावरची झुकलेली पापणी आणली. विचार केला नाही, हात चालला. मालक आरशात बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी खांदे पाडले, डावी भुवई किंचित उचलली, आणि खुर्चीत रखवालदार बसलेला होता.

नाटक तुफान चाललं. पुढे त्याचा सिनेमा निघाला, ते तोंड भिंतीभिंतीवर लागलं. नाटकावर लिहिणाऱ्यांनी त्या डाव्या गालावर रकानेच्या रकाने लिहिले. मालकांचं निरीक्षण किती सूक्ष्म, आयुष्य एका बाजूनं कसं आधी झिजतं ते त्यांनी कसं हेरलं, वगैरे. मालक मुलाखतीत सांगायचे की बसथांब्यावर एक म्हातारा दिसला होता, त्याच्यावरून घेतला. पुढच्या मुलाखतीत त्या म्हाताऱ्याच्या हातात छत्री आली, त्याच्या पुढच्या मुलाखतीत त्याला एक आंधळी बायको मिळाली. त्या मुलाखती वाचून याला राग यायचा नाही, हसू यायचं. आपण तरी अण्णांना विचारून चेहरा उचलला होता का? मग मालकांनी आपल्याला विचारायला हवं होतं, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? गंमत पुढेच झाली. मालक खरोखर म्हातारे झाले तेव्हा त्यांचं स्वतःचं म्हातारपण काही कामाला येईना. ते गोल, तुकतुकीत, खाऊनपिऊन सुखी म्हातारे निघाले. म्हाताऱ्या माणसाला म्हातारं करायला तो पेटी घेऊन येत राहिला, आणि तेव्हा अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

कंपनीत एक नियम होता. ज्यानं रंग चढवला त्यानंच उतरवायचा. कुणी घालून दिला कोण जाणे, पण मालक तो काटेकोर पाळायचे. दुसऱ्याच्या हातानं उतरवलेला चेहरा पुरता उतरत नाही, थोडा अंगात राहतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे प्रयोग संपेपर्यंत त्याला हलता यायचं नाही. पडदा पडला की भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू यायच्या, आणि त्या ऐकू आल्या की तो वाटीत तेल ओतायचा, कापूस बुडवायचा, बोळा पिळायचा. मालक आत येऊन खुर्चीत कोसळायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "उतरव म्हातारा." आधी डावा गाल, कारण रंगाचे थर तिथे सगळ्यात जाड आणि मालकांना तिथेच खाज सुटायची. मग ओठ, हनुवटी, शेवटी कपाळ. मालकांचा चहा निवायच्या आत तोंड लख्ख. बोळा टेबलाखालच्या डब्यात.

अण्णांना त्यानं नाटकाला एकदाच आणलं. त्यांना गंमत वाटेल असं त्याच्या मनात होतं. ओळखतील, हसतील, कदाचित शेजारच्याला कोपरानं ढोसतील. तो विंगेतून त्यांच्याकडेच बघत होता. लोक हसले तेव्हा अण्णा हसले नाहीत, लोकांनी डोळे पुसले तेव्हा त्यांनी पुसले नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून, पुस्तकं दाबायच्या यंत्रापुढे बसावं तसे बसून राहिले. घरी आल्यावर त्यांनी दाढीचा आरसा खिळ्यावरून काढला, दिव्याखाली नेला आणि डावा गाल वळवून बघितला. मग म्हणाले, "मी इतका थकलेला दिसतो का रे?" तो म्हणाला, काहीतरीच काय अण्णा, नाटक आहे ते. अण्णा हो म्हणाले. पण त्या दिवसापासून ते त्याच्याकडे डावा गाल करून बसले नाहीत. जेवायची जागा बदलली. खिडकीशी काम करताना तो खोलीत आला की त्यांची खुर्ची जराशी फिरायची. हे बरेच दिवस त्याच्या लक्षातच आलं नाही, आणि लक्षात आलं तेव्हा त्यावर बोलायची सोय उरली नव्हती. काय म्हणणार होता? घरात एकच फोटो आहे, ताईच्या लग्नातला, त्यातही ऐन वेळी त्यांनी मान फिरवली आहे. उजवा कान तेवढा आला आहे.

अण्णा गेले तेव्हा तो मालकांचा डावा गाल रंगवत होता. मॅनेजर निरोप घेऊन आत आला: ताईचा फोन आहे, असशील तसा ये म्हणते. तिसरी घंटा व्हायची होती, बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड होता. मालकांनी आरशातूनच विचारलं, "जायचंय तुला?" आणि तो म्हणाला, "उतरवून जातो." मालकांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी पुन्हा विचारावं अशी तो वाट बघत होता, हे त्यांना कसं कळणार, आरशात तर तो पेन्सिलच शोधताना दिसत होता. पूर्ण प्रयोगभर तो विंगेत उभा होता. समोर अण्णा कुलूप हलवून बघत होते, कंदील पुसत होते, आणि तिकडे घरी अण्णा. टाळ्या पडल्या, त्यानं अण्णांना कापसानं पुसून काढलं आणि मग घरी गेला. तोवर त्यांना नेलंही होतं. ताई दारातच भेटली. "थांबलो असतो रे," ती म्हणाली, "पण तू येशील असं कुणाला वाटलंच नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट व्हायला लागली. अण्णा आठवायचे म्हटलं की मालक आठवायचे. डोळे मिटून तो ती खिडकी आणायचा, खळीचं भांडं आणायचा, दाभण, दोऱ्याचं रीळ, सगळं मांडायचा, आणि तिथे बसलेला माणूस मान वर करायचा तो डावी भुवई उचलून. अण्णांनी जन्मात कधी भुवई उचलली नव्हती. ती मालकांची. लोक त्याच भुवईवर टाळ्या देत. सिनेमाचं पोस्टर बघत तो कितीदा थिएटरच्या दारात उभा राहिला असेल. रेघ न् रेघ आपल्या हातची, घडी अण्णांची, आणि मधून मालक बघतायत. ताईला एकदा धीर करून विचारलं होतं की तुला अण्णांचं तोंड आठवतं का. ताई म्हणाली, आठवतं की, अगदी तुझ्या त्या सिनेमातल्यासारखं. आपण वडिलांचा चेहरा उसना घेतला असं इतकी वर्षं तो मनाशी म्हणत होता. उसनं घेतलेलं परत देता येतं.

काखेतली कांडी मऊ झाली होती. आता रंग लागला. रंगाचा एक हात द्यायचा, थांबायचं, तळहात चोळून मालकांच्या गालावर धरायचा, मग रंगाचा दुसरा हात द्यायचा. आजवर तो नेहमी आरशात बघून काम करत आला होता, मालक बसलेले आणि आपण मागे. आज मालक आडवे, आरशाचा काही उपयोग नव्हता. चेहऱ्याचं मांस कानांकडे ओघळून गेलं होतं, त्यामुळे रेघा त्याच असून जागा बदलल्यासारख्या वाटत होत्या. पापणी केली. ओठाचा कोपरा खाली आणला. मग पेन्सिल घेऊन त्यानं ती घडी काढली, डोळ्याच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत, एका दमात, हात न थांबवता. कडेनं बोट फिरवून सावली दिली. आणि एक पाऊल मागे सरकून बघितलं.

अण्णा होते. दुपारी कामाच्या ढिगाशेजारी चटई टाकून झोपायचे ते अण्णा. भुवई उचललेली नव्हती, ओठांवर ते ओळखीचं दुःख नव्हतं, टाळ्यांची वाट बघणारं काही नव्हतं. इतकी वर्षं त्या रेघांमागे मालक काम करत होते. आज काम करणारं कुणी उरलं नव्हतं आणि रेघा ज्याच्या होत्या त्याच्याकडे परत गेल्या होत्या. थकलेले दिसत होते. होय अण्णा, खूपच थकलेले दिसत होता तुम्ही. त्यानं मालकांची खुर्ची ओढली आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसला. अण्णांनी तोंड फिरवलं नाही. ताईनं ज्यासाठी थांबायला हवं होतं ते हे. बघायचं राहून गेलं होतं ते हे.

दार वाजलं आणि बेबी आत आली, मागोमाग मॅनेजर. ती टेबलापाशी आली, वाकली, आणि तशीच राहिली. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा टेबलाकडे.

"काका, हे बाबा नाहीत," ती म्हणाली. "रखवालदारही नाही. कोण आहे हा माणूस?"

आयुष्यात हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता, ना लिहिणाऱ्यांनी, ना मालकांनी. त्यामुळे उत्तर सरळच आलं. "माझे वडील आहेत," तो म्हणाला.

बेबीचे डोळे भरून आले. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माहीत आहे मला काका. तुम्हाला ते वडिलांच्या जागी होते. आम्ही काय बघत नव्हतो?" मॅनेजरनंही मान हलवली आणि खाली बघितलं. आता पुढचं समजावून सांगायचं म्हणजे अण्णांची सुई, मिटलेला डोळा, पुसलेले दोन म्हातारे, सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते या पोरीला, बापाच्या देहासमोर. बेबी नाक पुसत म्हणाली की चूक तिचीच, तिनं हा हट्ट करायला नको होता. उघडा चेहराच बरा, आहे तसा. "उतरवा तुम्ही. तुम्हीच उतरवायचा ना, बाबांचा नियमच होता तो." तो म्हणाला, थोडा वेळ द्या मला. घ्या की, मॅनेजर म्हणाला, फाटक अजून उघडलेलं नाही. दार लोटून दोघं गेले.

त्यानं वाटीत तेल ओतून ठेवलं, म्हणजे नंतर घाई नको. कापूस काढून ठेवला. मग पुन्हा खुर्चीत बसला. वेळ होता. आधी कपाळ पुसायचं, मग हनुवटी, मग ओठ, आणि घडी सगळ्यात शेवटी, असं त्यानं मनाशी ठरवलं. घडी पुसायच्या आधी पुन्हा एकदा बसून बघायचं. आणि हेही ठरवलं की या वेळी बघताना दुसरं काहीच मनात आणायचं नाही, फक्त बघायचं, म्हणजे जन्मभर पुरेल. त्यानं बोट पुढे केलं आणि लहानपणी फिरवायचा तसं घडीतून हलकेच फिरवलं. बोटाला रंगाचाच वास आला, पण चालेल. "अण्णा," तो म्हणाला. पुढे काय बोलायचं ते त्याला सुचेना. मी त्या दिवशी यायला हवं होतं, हे म्हणायचं होतं. इतकं साधं वाक्य, पण लोकांची वाक्यं पाठ असलेल्या त्या खोलीत त्याला ते जमेना. तो जुळवाजुळव करत राहिला.

बाहेर फाटक उघडलं असावं. गलका आत शिरला, मग एकदम शांत झाला, आणि त्या शांततेतून कुणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्यानं वाजवली. मग सगळ्यांनीच. थिएटरभर टाळ्यांचा पाऊस सुरू झाला. गेलेल्या नटाला निरोप द्यायची लोकांना दुसरी रीत ठाऊक नव्हती. भिंतीपलीकडून तो आवाज आला, नेहमी यायचा तिथूनच, तसाच, भरून आलेला, न थांबणारा. त्याला ऐकताना बरं वाटलं. किती दिवसांनी, असं मनात आलं. मालकांनी बघायला हवं होतं असं मनात आलं. टाळ्या चढत गेल्या, एका ठेक्यात पडायला लागल्या, मग विरत विरत थांबल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा त्याच्या हातात बोळा होता. तपकिरी झालेला, तेलानं निथळणारा. टेबलावर मालक होते, लख्ख, आजारी, नाक मोठं दिसत असलेले. डावा गाल आधी, मग ओठ, हनुवटी, शेवटी कपाळ, सगळं नेहमीच्या क्रमानं, सफाईनं झालं होतं. कानामागे ओघळ राहू नये म्हणून तिथेही पुसलेलं होतं. आपण कधी उठलो, वाटीत कापूस कधी बुडवला, काही आठवेना. तो वाकून मालकांच्या गालात शोधायला लागला. एखादी रेघ, एखाद्या छिद्रात राहिलेला रंग. काही नव्हतं. त्याचा हात पहिल्यापासून स्वच्छ म्हणून प्रसिद्ध होता.

मॅनेजरनं दार किलकिलं केलं. "उतरला?"

"उतरला," तो म्हणाला.

चौघांनी मालकांना उचललं. बोळा टाकायला तो टेबलाखाली वाकला तर तिथे डबा नव्हता. मालकांनी काम सोडल्यावर कुणीतरी तो हलवला असणार. बोळा मुठीत धरूनच तो त्यांच्या मागून रंगमंचावर गेला. बेबीनं त्याला घरच्या माणसांत उभं केलं. लोक एका बाजूनं येत होते, मालकांकडे बघत होते आणि बिचकल्यासारखे दुसऱ्या बाजूनं जात होते. ज्याला बघायला आले होते तो त्यांना सापडत नव्हता. बायका कुजबुजत होत्या, किती वेगळे दिसतात नाही. रांगेतला एक वयस्कर माणूस उतरताना त्याच्यासमोर थांबला. त्यानं हात पुढे केला, पण याची मूठ उघडेना, तेव्हा मनगटालाच धरून तो म्हणाला की मालकांचा रखवालदार त्यानं किती वेळा बघितला त्याला गणती नाही. "तो चेहरा काही मी मरेपर्यंत विसरायचा नाही."

"कसा होता हो?" त्यानं विचारलं.

माणसाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, जरा जवळ सरकून, बेबीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. "तो चेहरा. कसा होता, सांगा ना मला."

माणूस गोंधळला, पण मागची रांग अडली होती आणि विचारणाऱ्याचा आवाज असा होता की नाही म्हणता येईना. त्यानं डोळे मिटले, आठवल्यासारखं केलं, एक भुवई उचलली. "अशी एक घडी होती बघा," तो म्हणाला, "इथून इथपर्यंत." आणि त्यानं बोट उजव्या गालावरून खाली नेलं. तो त्या बोटाकडे बघत राहिला. बाजू चुकली होती हे त्याला कळत होतं. त्यानं दुरुस्त केलं नाही, बोट खाली पोहोचेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "अजून एकदा दाखवता?"